वाढे आपले, कोकरे धनगराची



आपल्या भागातील पुष्कळ सभासदांची मुले नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-ठाण्याकडे स्थायिक झालेली आहेत. माझा धाकटाही त्यांतलाच. ठाण्याला माजिवड्यात त्याचे बिऱ्हाड आहे. गेल्या मार्गशीर्षात आठ दिवस त्याच्याकडे राहण्याचा योग आला. शेतकरी माणसाला शहरात सकाळ जाता जात नाही. पहाटे उठावे आणि माजिवडा नाक्यापर्यंत फेरी मारून यावे, असा माझा क्रम होता. नाशिककडून येणारा मोठा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता जिथे एकत्र येतात, तो हा नाका.

एके दिवशी चहाच्या टपरीजवळ एक ट्रक उभा दिसला. मधे फळ्या टाकून वर-खाली मेंढरे भरलेली. नंबर पाहिला तर आपल्याच बाजूचा, एमएच १७. मी चालकाला विचारले, "कुठला माल हाय रं बाबा?" तो म्हणाला, "आपल्याच साईडचा, काका. देवनारला चाललोय. धनगर कोकणात उतरायच्या आधी देऊन टाकत्यात. बारकी कोकरं घाटात चालत न्हाईत."

फळीच्या फटीतून हात घालून मी एका कोकराची पाठ चाचपली. पाठीचे मणके बोटाला एकेक करून लागत होते. चार-पाच महिन्यांचे जनावर, पण वजन चौदा-पंधरा किलोच्या वर नसावे. हाडे मोठी, चौकट चांगली. फक्त अंगावर मांस नाही.

टपरीवर तिथलेच एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "आमच्या लहानपणी भात कापून झालं की धनगर इथं यायचे. खाचरात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत मिळायचं. आता खाचरच राहिलं नाही, तर ते बसतील कुठं?" माजिवडा मूळचे एक गाव. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि पुढे वस्ती वाढत गेली. जिथे भाताची खाचरे होती तिथे आज वीस-पंचवीस मजली इमारती आहेत. ठाणे, कल्याण, भिवंडी, सगळीकडे कमी-अधिक हीच गत आहे.

घरी परतताना मनात एकच विचार घोळत होता. खाली कोकणात चराई सरत चालली आहे म्हणून धनगर उपाशी कोकरू विकतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत वर आपल्या शेतात उसाचे वाढे बांधावर वाळून जाते. एकीकडे खाणारे तोंड आहे, दुसरीकडे चारा आहे. मग दोघांची गाठ का पडू नये?

परत आल्यावर मी हा उद्योग स्वतः करून पाहिला. पहिल्या खेपेस फसलो, दुसऱ्या खेपेस जमला. त्यात जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेख.

उसातून निघणारे काय काय

१०० टन उसाचे गाळप झाले की साधारण २८ ते ३० टन बगॅस, ४ टनांच्या आसपास मोलॅसिस आणि ३ ते ४ टन प्रेसमड निघते. शेतातच राहते ते वाढे आणि पाचट वेगळेच. यांतले मेंढीच्या उपयोगाचे काय आणि नाही काय, हे आधी नीट समजून घ्यावयास हवे.

आपल्याकडे 'मळी' या शब्दाने मोठा घोटाळा होतो. ट्रॉली भरून खत म्हणून आपण नेतो तीही मळी आणि कारखान्याच्या टाकीत साठवतात ती काळी, दाट, पातळसर तीही मळी. खताची मळी म्हणजे प्रेसमड. ती जमिनीचे अन्न आहे, जनावराचे नव्हे. टाकीतली मळी म्हणजे मोलॅसिस. खुराकात घालतात ती ही. या लेखात घोटाळा नको म्हणून मी 'मोलॅसिस' हाच शब्द वापरतो.

वाढे : हा खरा चारा. हिरवे असताना त्यात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागात प्रथिने मात्र शेकडा ५ ते ६ एवढीच. शिवाय त्यात ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. तो शरीराला मिळणारे कॅल्शियम बांधून टाकतो. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय-म्हैस अशक्त होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची चाल आहे ती त्याचसाठी.

पाचट : याला जनावराने तोंड लावण्यासारखे काही नाही. पाचट जाळूही नये. ते सरीतच कुजवावे. वाढे मेंढीला आणि पाचट मातीला, ही वाटणी पक्की ठेवावी.

बगॅस : पोट भरेल पण अंगी लागणार नाही, असा हा पदार्थ. काष्ठभाग इतका, की मेंढीला तो फारसा पचत नाही. शिवाय आज बगॅसवर कारखान्याचे बॉयलर आणि वीजनिर्मिती चालते. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मोलॅसिस : यात जवळजवळ निम्मी साखर असते. चव येते, भरड्याची धूळ बसते, झटपट शक्ती मिळते. पण प्रथिने नाममात्र आणि पोटॅशसारखे क्षार भरपूर. त्यामुळे जास्त झाले की हगवण लागते. खुराकात शेकडा ८ ते १० च्या वर घालू नये. आणखी एक सूचना. मोलॅसिस ही राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखालची वस्तू आहे. परवान्याशिवाय ती नेता वा साठवता येत नाही. त्यातून आता तिला इथेनॉलची मागणी आहे. तेव्हा सुट्या मोलॅसिसच्या मागे न लागता, ते घातलेला तयार खुराक घेणे किंवा त्याऐवजी खराब झालेला गूळ वापरणे सोयीचे. गूळ मात्र बुरशी आलेला नसावा.

याशिवाय आपल्या परिसरात डाळ मिलची तूर चुणी आणि हरभऱ्याचे टरफल, तेल घाण्याची सरकी व शेंगदाणा पेंड, पिठाच्या गिरणीचा गहू कोंडा आणि मळणीनंतरचे सोयाबीनचे भुसकट असते. हे सगळे कुठल्या ना कुठल्या उद्योगाचे उरलेले. यांतला एकही पदार्थ एकटा पुरा नाही. एकात गोडी आहे पण प्रथिने नाहीत, एकात प्रथिने आहेत पण भरड नाही, एकात भरड आहे पण चुना कमी. म्हणून एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावयाचे. साऱ्या विषयाचे सार एवढेच.

मेंढी चारा खात नाही, पोटातले जंतू खातात

हे वाचून कुणी हसेल, पण गोष्ट खरी आहे. मेंढीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात अब्जावधी सूक्ष्म जंतू असतात. वाढे, कडबा, भुसकट ते पचवतात आणि त्या जंतूंच्या कामावर मेंढी जगते. या जंतूंनाही प्रथिने लागतात. एकूण चाऱ्यात प्रथिने शेकडा ७ च्या खाली गेली की जंतूंचे काम मंदावते, चारा पोटात पडून राहतो आणि मेंढी कमी खाऊ लागते. समोर वाढ्याचा ढीग असूनही जनावर वाळते ते यामुळे. वाढत्या कोकराला तर शेकडा १२ च्या आसपास प्रथिने हवीत.

दुसरी गोष्ट. चारा बदलला की जंतूही बदलावे लागतात आणि त्याला पंधरा दिवस लागतात. हे न समजल्याने माझे काय झाले ते सांगतो.

माझी पहिली खेप

परत आल्यावर मी उत्साहात वीस कोकरे घेतली. आमच्या शिवारात दर वर्षी एक धनगर बाबा वाडा घेऊन येतात, त्यांच्याकडूनच घेतली. बाबा म्हणाले, "पाटील, मेंढरू पायाचं जनावर हाय. डांबून ठिवलं तर मनानं मरतंय. आन् एकदम दाण्यावर घालू नका, सोसायचं न्हाई."

मी म्हटले, "बाबा, आता शास्त्र पुढे गेलंय." गोठ्यात बांधली, कडबाकुट्टी केलेले वाढे टाकले आणि दुसऱ्याच दिवसापासून मका भरडा नि पेंड पोटभर घातली. कोकरे अधाशासारखी तुटून पडली. मला वाटले, जिंकलो.

सहाव्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो तर सर्वांत गुबगुबीत कोकरू पाय ताणून पडलेले. संध्याकाळी चांगले खात होते. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली, तिसऱ्या दिवशी दोन. जी जास्त खाणारी, तीच आधी गेली. डॉक्टरांनी पाहून सांगितले, आंत्रविषार. आतड्यात एरवी थोड्या संख्येने असणारे जंतू दाण्याचा भरपूर पिठूळ भाग मिळाला की भराभर वाढतात आणि विष सोडतात. उपचाराला वेळच मिळत नाही. या रोगाची लस आहे, ती स्वस्तही आहे आणि मी ती दिलेली नव्हती.

वीसातली पाच गेली. दोष माझा होता, कोकरांचा नव्हे आणि वाढ्याचा तर नव्हेच. बाबांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते मान हलवत राहिले. त्यांच्या न बोलण्याचेच मला जास्त लागले.

दुसरी खेप : खुराक कसा बसवला

दुसऱ्या खेपेस आधी जंतनाशक पाजले. आंत्रविषाराची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन मात्रांत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली. लस अंगी लागेपर्यंत कोकरे नुसत्या चाऱ्यावर आणि फिरतीवर ठेवली. मग खुराक सुरू केला. पहिल्या दिवशी कोकरामागे ५० ग्रॅम आणि दर तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढ. असे सोळाव्या दिवशी ३०० ग्रॅमवर आलो आणि तिथेच थांबलो. खुराक दिवसातून एकदम न देता सकाळ-संध्याकाळ विभागून, आणि आधी थोडे वाढे टाकून मग द्यावयाचा.

१०० किलो खुराकाचे माप असे :

मका भरडा २६ किलो
गहू कोंडा १८ किलो
शेंगदाणा पेंड १८ किलो
तूर चुणी १७ किलो
सरकी पेंड ९ किलो
मोलॅसिस (किंवा गूळ) ८ किलो
मेंढ्यांचे खनिज मिश्रण २ किलो
चुनखडीची भुकटी १ किलो
मीठ १ किलो

यात प्रथिने शेकडा १७ च्या आसपास बसतात. मोलॅसिस थोड्या कोमट पाण्यात पातळ करून भरड्यावर शिंपडावे आणि हाताने चोळून घ्यावे, म्हणजे गोळे होत नाहीत. मिसळलेला खुराक आठवड्याच्या वर साठवू नये. मोलॅसिसमुळे त्याला लवकर वास लागतो.

२० किलोच्या एका कोकराचा दिवसाचा आहार :

कुट्टी केलेले हिरवे वाढे सव्वा किलो
वरील खुराक ३०० ग्रॅम
सोयाबीन वा तुरीचे भुसकट १०० ग्रॅम
सुबाभूळ, घास किंवा शेवरीचा हिरवा पाला पाव किलो

यात एकूण कोरडा आहार ८०० ग्रॅमच्या जवळ, म्हणजे कोकराच्या वजनाच्या शेकडा ४, आणि प्रथिने साधारण ९० ते ९५ ग्रॅम बसतात. पाव किलो पाला पुष्कळांना क्षुल्लक वाटतो. पण पेंडीनंतर प्रथिनांचा स्वस्त मार्ग तोच आहे. बांधावर सुबाभळीच्या वा शेवरीच्या दोन ओळी लावल्या की तो फुकट मिळतो. स्वच्छ पाणी दिवसभर समोर हवे आणि कोकरामागे आठ-दहा चौरस फूट कोरडी जागा हवी. "पायाचं जनावर" हे बाबांचे म्हणणेही मी आता पाळतो. रोज दोन तास शिवारात फिरवतो. त्याने पचन सुधारते आणि खूरही नीट राहतात.

सांभाळावयाच्या गोष्टी

या भागाकडे सभासदांनी विशेष लक्ष द्यावे, कारण नफा इथेच टिकतो किंवा बुडतो.

गाईचे खनिज मिश्रण मेंढीला घालू नये. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबे अधिक असते. गाईला ते मानवते, पण मेंढीच्या काळजात ते साठत जाते. महिनोन्महिने काही दिसत नाही आणि एखाद्या दिवशी जनावर एकाएकी पिवळे पडते, लघवी लालसर काळी होते आणि मरते. कोंबड्यांचे वा डुकरांचे खाद्यही याच कारणासाठी टाळावे. पिशवीवर 'मेंढीसाठी' असे लिहिले असेल तरच घ्यावे.

कोकराला युरिया देऊ नये. युरिया स्वस्त प्रथिन आहे हे खरे. पण त्याचे प्रथिन करणारे कोटीपोटातले जंतू लहान कोकरात पुरते तयार नसतात. मोठ्या, भाकड मेंढ्यांसाठी मात्र काड किंवा भुसकटावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो कोरड्या काडाला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, ढीग दाबून प्लॅस्टिकने हवाबंद करावा आणि तीन आठवड्यांनी उघडावा. वास उडून जाण्यासाठी थोडा वेळ पसरून ठेवावा, मग द्यावा. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागेल असे कधीही ठेवू नये. ते विष आहे.

नराला खडा होऊ नये म्हणून चुनखडी. कोंडा, पेंड आणि दाण्यात स्फुरद अधिक व चुना कमी असतो. असा आहार सतत दिला की नर कोकराच्या मूत्रमार्गात खडा धरतो. लघवी तुंबते, जनावर कुंथत राहते. म्हणून खुराकात १ किलो चुनखडी आणि मीठ घातलेले आहे. मिठाने पाणी जास्त प्यायले जाते. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटलाही चुनखडीचा उतारा होतो. अशा रीतीने एका वस्तूत दोन कामे होतात.

बुरशी आलेली पेंड टाकून द्यावी. विशेषतः शेंगदाणा पेंड. तिच्यावरच्या बुरशीचे विष काळजावर जाते. पेंड वाळवली, भाजली तरी ते विष पुरते जात नाही. चार पैसे वाचवण्यासाठी कळप घालवू नये.

वाढे तोडल्यावर दोन-तीन दिवसांत द्यावे. ढीग करून ठेवलेले वाढे आतून गरम होते आणि बुरशी धरते. जास्त असेल तर अर्धा ते एक इंच कुट्टी करून खड्ड्यात वा पिशवीत दाबून मुरघास करावा. हवा राहता कामा नये. दीड महिन्याने उघडून वापरता येतो आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्यातही चारा हाती राहतो.

एका एकराचा हिशोब

एकरी ४० टन ऊस निघाला तर हिरवे वाढे साडेचार टनांच्या आसपास धरावे. एका कोकराला दिवसाला सव्वा किलो म्हणजे ९० दिवसांत ११२ किलोच्या वर लागते. म्हणजे एका एकराचे वाढे ४० कोकरांना तीन महिने पुरते.

९० दिवसांत एका कोकराला एकूण खुराक साधारण २५ किलो लागतो. दिवसाला ८० ते १०० ग्रॅम वाढ धरली तर वजन ७ ते ९ किलोंनी वाढते. १५ किलोचे कोकरू २२ ते २४ किलोवर जाते. आता प्रत्येकाने आपापल्या बाजारचा भाव घालून पाहावा. २५ किलो खुराकाची किंमत, औषध-लसीचा खर्च आणि आपली मजुरी एका बाजूला. ७ ते ९ किलो जिवंत वजनाचा भाव दुसऱ्या बाजूला. ज्या आठवड्यात हा हिशोब उणा येतो त्या आठवड्यात कोकरे विकत घेऊ नयेत. मी स्वतः बाजाराला जाताना हा कागद खिशात ठेवतो.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. वाढे फुकट आहे असे आपण म्हणतो, पण त्यावर पहिला हक्क आपल्या ऊसतोड कामगारांचा आहे. त्यांच्या बैलांचा तो चारा आहे आणि पेंढ्या विकून त्यांना चार पैसे मिळतात. ते घेताना योग्य मोल द्यावे. दुसरे असे की जिथे तोडणी यंत्राने होते तिथे वाढ्याचे तुकडे पाचटात मिसळून शेतभर पसरतात आणि चारा म्हणून हाती लागत नाहीत. यंत्रे वाढत चालली आहेत. तेव्हा ज्यांना मेंढ्या पाळावयाच्या आहेत, त्यांनी निदान काही क्षेत्राची तोडणी हाताने होईल असे पाहावे.

इतरत्र काय चालले आहे

हा विचार माझ्या एकट्याचा नाही. क्यूबासारख्या उसाच्या देशाने १९६० नंतरच्या दशकात मोलॅसिस, थोडा युरिया आणि मासळीची पूड यांवर मोठ्या प्रमाणात गुरे पोसण्याचे प्रयोग केले. पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखात ऑलिव्हचा चोथा, कोंडा, मोलॅसिस आणि युरिया यांच्या विटा करून अवासी जातीच्या मेंढ्यांना चाटायला देतात. आपल्या देशात राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. कोकरे बंदिस्त ठेवून पोसण्यावर तिथे पुष्कळ काम झालेले आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचा प्रकल्प आहे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ साली स्थापन झाली. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत जुळी देण्याचा जो आनुवंशिक गुण आहे तो या संस्थेने आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. ही पुष्कळदा जुळी देते. पण दोन कोकरांना दूध पुरवायचे तर मेंढीच्या पोटात तेवढे गेले पाहिजे. नुसत्या रानावर जुळ्यांपैकी एक हाती लागेल की नाही याची शंकाच. म्हणजे चांगली जात आणली तरी गाडी शेवटी खुराकापाशीच येते.

राज्य शासनाचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून पुण्यात आहे. भटक्या जमाती-क प्रवर्गातील मेंढपाळांसाठी २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू झाली. तिच्यात मेंढ्यांबरोबर खाद्य आणि चाऱ्याच्या सोयीलाही अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. आपल्या ओळखीच्या मेंढपाळांना याची माहिती देणे हे आपले काम समजावे. ज्याला कागद वाचता येतो त्याने दुसऱ्याला वाचून दाखवावा.

भागीचा विचार

आता मुख्य मुद्दा. आपण सभासदांनी धनगराकडून कोकरे विकत घेऊन नफा करावा, एवढ्यावर हा विषय संपू नये असे मला वाटते. दर वर्षी तो आपल्या रानात मेंढरे बसवतो. त्या लेंडीवर आपला खोडवा जोर धरतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा संबंध आहे. पण त्याची कोकणची वाट अरुंद होत चालली आहे आणि त्याच्या कोकरांचा भाव मणके मोजून ठरतो.

यंदा मी आमच्या बाबांशी वेगळा व्यवहार केला. कोकरे त्यांची, वाढे नि खुराक माझा, गोठा माझा. विकल्यावर कोकरांची ठरवलेली मूळ किंमत आधी त्यांची, खुराकाचा खर्च माझा, आणि उरलेले दोघांत अर्धे-अर्धे. जनावरे अर्धलीने देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे, फक्त हिशोबाची वही नवी. बाबांचा धाकटा मुलगा आणि सून कोकरांपाशी राहिली. बाबा मोठा वाडा घेऊन नेहमीप्रमाणे खाली उतरले. त्यामुळे नातवंडे तीन महिने आमच्या गावच्या शाळेत गेली. हा लाभ कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

तीन महिन्यांत या खेपेतले एकही कोकरू दगावले नाही. फाल्गुनात बाबा वर आले तेव्हा गोठ्यात शिरले आणि कोकरांच्या पाठी एकेक करून चाचपल्या. मी माजिवड्याला केले होते अगदी तसेच. बोट मणक्याला लागत नव्हते. म्हणाले, "पाटील, ही माझीच का?" मी म्हटले, "तुमचीच हाईत, बाबा. निम्मी माझी."

ते हसले. मग म्हणाले, "पुढल्या साली पन्नास सोडतो. पर लस आधी."

कारखान्याकडून अपेक्षा

शेवटी एक सूचना. प्रत्येक सभासदाने स्वतंत्रपणे मका, चुणी, पेंड गोळा करून खुराक बसवणे अवघड आहे. मोलॅसिस तर परवान्याशिवाय मिळत नाही. आपल्या कारखान्यामार्फत मेंढी-शेळीसाठी वेगळा, कमी तांब्याचा खुराक मिसळून सभासदांना आणि कार्यक्षेत्रात येणाऱ्या मेंढपाळांना वाजवी दराने मिळावा, असा विचार संचालक मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे आणावा. शेतकी विभागाने गाळप सुरू होण्यापूर्वी पशुवैद्यकीय खात्याच्या मदतीने वाड्या-वाड्यांवर लसीकरण ठेवले तर सोन्याहून पिवळे.

उसाचे कांडे गव्हाणीत जाते, त्याचा भाव आपल्याला मिळतो. त्याच उसाचा शेंडा आपण बांधावर टाकतो. तो एखाद्या कोकराच्या पाठीवर चढला तर त्यात आपलाही फायदा आहे आणि आपल्या रानात मेंढरे बसवणाऱ्या माणसाचाही. यंदाच्या गाळपात निदान दहा कोकरांवर हा प्रयोग करून पाहावा, आणि काय जमले, काय चुकले ते याच अंकात कळवावे, एवढीच सर्वांना विनंती.

– एक ऊस उत्पादक सभासद